चालती गाडी बंद पाडणारा कटऑफ बसवू नका

तुमचा प्रश्न असा: २००४ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचा इमोबिलायझर (चोराला गाडी चालू करू न देणारं उपकरण) नाही, नंतर सीएनजी किट बसवलेलं, गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते. अलार्म बसवणारा म्हणतोय, ‘इग्निशनच्या वायरमध्ये रिले (विजेवर उघडणारा-मिटणारा स्विच) टाकतो, कोणी गाडी पळवली तर रिमोट दाबा, जागेवर बंद पडेल.’ हे करू द्यायचं का?

नाही. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं ऐका. धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंग एकदम जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. आणि हे चोर गाडीत असतानाच घडेल याची खात्री काय? रिलेचा एखादा जोड सैल झाला, बॉक्समध्ये पाणी गेलं, तर घाटात तुमचे घरचे लोक गाडीत असतानाही हेच होईल. इमोबिलायझरचं काम उभी गाडी चालू न होऊ देणं, एवढंच.

ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर तोडण्यात दुसराही तोटा आहे. ठिणगी बंद, पण इंजेक्टर पेट्रोल फवारतच राहतात. ते न जळता धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो.

मग कुठे कापायचं? पहिली जागा स्टार्टर. किल्लीकडून स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टर चालू करणाऱ्या स्विचला) जाणारी वायर रिलेतून न्यायची. इंजिन चालू झाल्यावर या वायरीला काही काम उरत नाही, त्यामुळे रिले बिघडला तरी चालती गाडी थांबत नाही. पण तुमची गाडी मॅन्युअल गिअरची आहे. दोघांनी धक्का मारला की स्टार्टरशिवाय चालू होते. म्हणून दुसरी जागा पेट्रोल पंप, म्हणजे गाडीतला, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा.

आता रिलेच्या पायांकडे नीट बघा, सगळी मेख इथे आहे. नेहमीच्या पाच पायांच्या रिलेत ८५ आणि ८६ रिलेच्या आतल्या कॉइलचे, ३० वर करंट येतो. रिले शांत असताना, म्हणजे कॉइलला करंट नसताना, ३० चा संबंध ८७ए शी असतो, कॉइलला करंट मिळून रिले ओढला गेला की ८७ शी. माझा नियम असा: गाडी चालताना ज्या वायरीतून करंट वाहायलाच हवा, ती ८७ए वरूनच न्यायची. कॉइल जळली तरी पंप चालू राहतो. स्टार्टरला मात्र ८७ चालतो, किंबहुना तोच चांगला, कारण चोराने अलार्मचा बॉक्स उपटला तरी स्टार्टर फिरत नाही. त्यासाठी अलार्ममधून अनलॉक असताना रिलेच्या कॉइलला निगेटिव्ह देणारी वायर लागते. बऱ्याच स्वस्त अलार्मना लॉक असताना निगेटिव्ह देणारी वायरच असते. तसं असेल तर दोन्ही रिले ८७ए वर घ्या आणि बॉक्स डॅशबोर्डच्या आत इतका वर बांधा की खाली वाकून हात पोचणार नाही.

रिलेच्या कॉइलचा पॉझिटिव्ह बॅटरीवरून थेट घेऊ नका, किल्ली ऑन केल्यावर करंट येणाऱ्या आयजी (इग्निशन) वायरवरून घ्या. नाहीतर रात्रभर रिले ओढलेला राहील आणि बॅटरी उतरेल. अलार्मची इग्निशन वायरही तिथेच जोडायची, एसीसीवर (रेडिओ वगैरेंच्या वायरवर) नाही. एसीसी स्टार्टर फिरताना बंद होते आणि अलार्मला वाटतं किल्ली काढली. ही वायर बरोबर जोडलेली असली की बहुतेक अलार्म गाडी चालू असताना ‘लॉक’ची आज्ञा आली तरी फक्त दारं लावतात, कटऑफ लागू होत नाही. खिशातला रिमोट चुकून दाबला जाणं रोजचंच आहे. प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड टाका, पट्टी पॉझिटिव्हकडे. नाहीतर कॉइल सुटताना येणारा उलटा झटका अलार्मचा छोटा ट्रान्झिस्टर मारतो.

पंपाचा रिले बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सजवळ घेणं सोपं, पण चोराचा हातही आधी तिथेच जातो. वायर केबिनमधून मागे जाते तिथे, कार्पेटखाली घ्या. टाकीच्या झाकणाजवळ जोड अजिबात नको. नवी वायर जुनीपेक्षा बारीक नसावी, स्टार्टरसाठी २.५ चौरस मिमी आणि ४० अँपिअरचा रिले, पंपासाठी दीड चौरस मिमी. वायर सोलून पिळून वर टेप गुंडाळणारा फिटर असेल तर गाडी परत आणा. सोल्डर किंवा पक्का क्रिंप (दाबून बसवलेला धातूचा जोड), त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). अलार्मचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. कामाआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पेडलजवळ एकही वायर लोंबता कामा नये. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, टेस्ट लॅम्पही नको.

सीएनजीचं वेगळं. तुमची गाडी इमर्जन्सी मोडमध्ये थेट गॅसवर चालू होत असेल तर पेट्रोल पंप कापून धक्का स्टार्ट अडत नाही. गॅसच्या व्हॉल्व्हचा पुरवठाही कटऑफमध्ये घ्यावा लागेल, आणि ते किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडूनच करून घ्या. अलार्मवाल्याला ती वायरिंग उघडू देऊ नका.

एवढा खटाटोप करायचा का, असं तुम्ही विचारलंत. करायचा. सायरनकडे आता शेजारीही बघत नाहीत, इमोबिलायझर मात्र काम करतो. ब्रिटनने ऑक्टोबर १९९८ पासून आणि ऑस्ट्रेलियाने जुलै २००१ पासून नव्या कारना तो सक्तीचा केला. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे २०११ ते २०२१ मधल्या इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्या २०२२ च्या सुमारास किती सर्रास चोरल्या गेल्या, ते बातम्यांत आलंच आहे.

विम्याबद्दल: जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेची मान्यता असलेलं उपकरण आणि ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला असेल तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळायची. आता मिळते का, ते तुमच्या कंपनीला आधी विचारा. रक्कम लहान आहे, पण मान्यतेच्या अटीमुळे निकृष्ट माल आपोआप बाजूला पडतो.

गाडी महिना-महिना उभी ठेवणार असाल तर हिशोब करा. अलार्म २० मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पाच आठवड्यांत निम्मी होईल.

पैसे देण्याआधी मोकळ्या जागेत तपासा. लॉक करून किल्ली फिरवा. स्टार्टर फिरता कामा नये. मग धक्का मारून बघा, आधी पेट्रोलवर, मग गॅसवर. शेवटी इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असतानाच, रिमोटचं लॉक दाबा. इंजिन बंद पडलं तर त्याच दिवशी वायरिंग बदलून घ्या, तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.