भौतिकशास्त्र बाजूला ठेवून आधी कॅल्क्युलस पक्के करावे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: बारावीत सगळा भर 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेवर होता, गणित हा विषय बोर्डापुरताच होता, आणि आता परभणीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला यांत्रिकीच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आले आहे. अशा वेळी एक सत्र भौतिकशास्त्र बाजूला ठेवून आधी गणित पुरे करावे का, असे तुम्ही विचारता. करू नका, असे मी म्हणेन. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून याच वाटेने आलो आणि गेली काही वर्षे नांदेडला पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच विषय शिकवतो. गणिताचे नियम येत नाहीत म्हणून अडलेली मुले मी पाहिली आहेतच, पण त्यांच्यापेक्षा नियम पाठ असूनही अडलेली मुले मला जास्त भेटली आहेत.

बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या गणितात विकलन (डेरिव्हेटिव्ह काढणे) आणि संकलन (इंटिग्रेशन) दोन्ही येते, त्यामुळे दोन फलांच्या (फंक्शनच्या) गुणाकाराचा नियम बहुतेकांना झोपेतही म्हणता येतो. मात्र इंटिग्रेशनच्या शेवटी लिहितात तो 'डीएक्स' म्हणजे काय, असे विचारले की 'ती एक खूण असते, सर' असे उत्तर मिळते. गणिताच्या पेपरात या उत्तरावर निभावते, पण भौतिकशास्त्रात निभावत नाही, कारण तिथे डीएक्स म्हणजे दोराचा, तारेचा किंवा अंतराचा खराखुरा लहान तुकडा असतो आणि अडचण नेमकी तो तुकडा ओळखण्यात असते.

आपल्याकडच्या आडाचेच उदाहरण घ्या. आडातले पाणी २० मीटर खोल आहे, पाण्यासकट पोहरा १० किलोचा आहे आणि भिजलेला दोर मीटरला पाव किलो भरतो. पोहरा वरपर्यंत शेंदायला किती कार्य करावे लागेल? बारावीच्या सवयीने 'बल गुणिले अंतर' करायला गेलात की लगेच प्रश्न पडतो, कोणते बल? दोराचे वजन सोडून दिले तर उत्तर १,९६० ज्यूल येते, आणि पाच किलोचा पूर्ण दोर शेवटपर्यंत हाताला लोंबतो असे धरले तर २,९४० ज्यूल येते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण पोहरा वर येतो तसतसा लोंबणारा दोर कमी होत जातो. म्हणून क्षणभर थांबून आधी मराठीत एक वाक्य लिहा: 'आडात एक्स मीटर दोर उरलेला असताना मी अगदी थोडेसे अंतर ओढले, तेव्हा माझ्या हातावर १० अधिक एक्सचा चौथा भाग, इतक्या किलोंचा भार होता.' या भाराला ९.८ ने आणि त्या थोड्याशा अंतराने गुणले की एका तुकड्याचे कार्य मिळते. शून्यापासून वीसपर्यंत अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज केली की २,४५० ज्यूल येतात. ताळा तोंडीही करता येतो: दोर सरासरी दहा मीटर वर आला, म्हणून त्याचे कार्य ४९० ज्यूल, आणि ते पोहऱ्याच्या १,९६० मध्ये मिळवायचे. संकलनाचा भाग दोन ओळींत आटोपतो. सगळा विचार त्या एका मराठी वाक्यात झालेला असतो, आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, तसे ते वाक्य जमले नाही तर पुढच्या ओळींना अर्थ उरत नाही.

दुसरे उदाहरण टाकीचे. एक मीटर उंच आणि एक मीटर व्यासाची टाकी भरलेली आहे आणि तिच्या तळाशी दोन सेंटिमीटर व्यासाचे भोक आहे. टोरिचेलीच्या नियमानुसार भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून भरलेल्या टाकीतून पाणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने निघते. हाच वेग कायम धरून भागाकार केला तर टाकी साडेनऊ मिनिटांत रिकामी व्हायला हवी. प्रत्यक्षात पाणी उतरेल तसा वेगही उतरतो, आणि समीकरण मांडून सोडवले की बरोबर दुप्पट, म्हणजे सुमारे १९ मिनिटे येतात. (खरी टाकी त्याहूनही जास्त वेळ घेते, कारण बाहेर पडताना धार आकसते आणि नळात घर्षण असते.) या १९ मिनिटांपैकी वरची अर्धी टाकी साडेपाच मिनिटांतच रिकामी होते. टँकरच्या पाळीवर दिवस काढलेल्या घरात तळाचे पाणी किती रेंगाळते हे सांगावे लागत नाही. इथे त्या रेंगाळण्याचा हिशेब मिळतो. या गणितात मुले हमखास उणे चिन्ह विसरतात. वेळ वाढतो तशी उंची घटते, म्हणून उंचीच्या बदलाचा दर ऋण असतो, आणि ते चिन्ह गाळले की टाकी रिकामी व्हायला उणे १९ मिनिटे लागतात.

पहिल्या सत्रापुरते गणित म्हणाल तर घातांकाचा नियम, साइन-कोसाइन, घातांकी फल, लॉगॅरिदम, साखळी नियम आणि चले वेगळी करून समीकरण सोडवणे, एवढे पुरते. रोज तासभर दिला तर तीनेक आठवड्यांत ते हातात बसते. बाकीचे गरज पडेल तेव्हा शिकता येईल.

चिन्हांनीही घोटाळा होतो. डीएक्स, डीवाय ही लिहिण्याची पद्धत जर्मन गणिती लाइब्निझची, त्याने ती १६८४ साली छापून प्रसिद्ध केली. न्यूटन मात्र काळानुसार होणाऱ्या बदलाचा दर दाखवायला अक्षरावर टिंब देत असे. यांत्रिकीत आजही दोन्ही पद्धती चालतात, आणि एक्सवरचे टिंब ही छपाईची चूक समजून मी स्वतः ते पहिले दोन महिने वहीत उतरवलेच नव्हते.

गाइडमधली वीस सोडवलेली गणिते वाचण्याऐवजी आठवड्याला पाचच घ्या, पण उत्तर झाकून, आणि प्रत्येकाच्या वर ते मराठी वाक्य लिहून. परीक्षेत इंग्रजीतच लिहावे लागेल, ते नंतर जमते. आज रात्री याच टाकीने सुरुवात करा: पाण्याची उंची पाव मीटर उरली, तेव्हा ती पूर्ण रिकामी व्हायला एकूण वेळाचा किती भाग बाकी असेल? आधी अंदाज लिहून ठेवा, मग समीकरण मांडा. उत्तर निम्मा वेळ असे आले नाही, तर चूक बहुधा संकलनाच्या सीमांमध्ये सापडेल.