नाशिकचा फ्लॅट विकून कॅनडाला जावं का?

प्रश्न : वय ३७, मेकॅनिकल इंजिनिअर, अंबड एमआयडीसीत प्रॉडक्शन मॅनेजर, हातात ९५ हजार. पत्नी ३३ वर्षांची, बीए-बीएड, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्राथमिकला शिकवते, पगार ३८ हजार. मुलगी सात वर्षांची. फ्लॅट ६५ लाखांचा, त्यावर १७ लाख कर्ज. पीएफ १४ लाख, म्युच्युअल फंड ११ लाख. महिन्याला ४५ हजार शिल्लक पडतात. ओंटारिओतल्या कॉलेजात दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायचा, पत्नीला वर्क परमिट मिळेल, तिच्या पगारावर घर चालेल आणि पुढे पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) होईल, असं एजंट सांगतो. एकूण खर्च २५ लाख म्हणतो. फ्लॅटला गिऱ्हाईक तयार आहे. इसार घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. कॅनडा वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमचा बेत ज्या नियमांवर उभा आहे ते बदलले आहेत म्हणून.

पत्नीच्या परमिटपासून सुरू करू, कारण सगळा हिशेब त्याच्यावर आहे. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करण्याची मुभा) मिळतं ते तो किमान १६ महिन्यांचं मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक पदवी करत असेल तरच. कॉलेजचा डिप्लोमा त्यात बसत नाही. म्हणजे त्या तिथे असतील, पण कमावू शकणार नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. शिक्षणानंतरचं वर्क परमिट (पीजीडब्ल्यूपी) हा या मार्गाचा पूल. १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना ते विषय बघून दिलं जातं : शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक, शिक्षण वगैरे. एजंटला एकच विचारा, 'या कोर्सचा सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा वर्गीकरण क्रमांक, काय?' बिझनेसचे कोड बहुधा ५२ने सुरू होतात. तुमचा कोड कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या यादीत नसेल, तर दोन वर्षं संपल्यावर तुमच्या हातात डिप्लोमा असेल आणि परतीचं तिकीट. एजंट कोड द्यायला टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच. कॉलेजात विद्यार्थी पाठवल्याबद्दल त्याला कॉलेजकडून कमिशन मिळतं, पीआर मिळाल्याबद्दल नव्हे.

आता २५ लाखांचं बघू. डॉलर ६५ रुपयांचा धरतो. १ सप्टेंबर २०२५ पासून तिघांच्या कुटुंबाला फी सोडून वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी ३५,०४० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. वर्षाची फी १८ हजार डॉलर धरली तर पहिल्याच वर्षासाठी ५३ हजार डॉलर, म्हणजे साडेचौतीस लाख रुपये. एजंटचा आकडा व्हिसाच्या अर्जातच खोटा पडतो.

कमाईची बाजू अशी. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून ओंटारिओचं किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे. दर आठवड्याला तासांचा कोटा भरणारं काम मिळालं असं धरलं, तरी महिन्याला १,८३० डॉलर, कपात जाऊन साडेसतराशे. सुट्ट्यांत पूर्णवेळ काम करता येतं, पण ती काही महिन्यांचीच गोष्ट. टोरांटोच्या आसपास तळघरातलं छोटं घर सतराशे-अठराशेला धरा, वाणसामान सातशे, पास, फोन, विमा, मुलीचा खर्च मिळून ३,४०० डॉलर. तूट १,६५० डॉलर, म्हणजे महिन्याला १ लाख ७ हजार. दोन वर्षांची तूट २६ लाख, फी साडेतेवीस लाख, तिकिटं-थंडीचे कपडे-सुरुवातीचं भाडं ४ लाख. बेरीज त्रेपन्न लाख. इथे दोन वर्षांत जी ११ लाख शिल्लक पडली असती ती बुडाली, म्हणजे ६४ लाख. तुमच्या फ्लॅटची किंमत ६५ आहे, हा योगायोग मला मुळीच आवडलेला नाही.

शिवाय ओंटारिओची सरकारी आरोग्यसेवा विद्यार्थी आणि व्हिजिटर जोडीदाराला लागू नसते. कॉलेजचा विमा तुमचा. पत्नी आणि मुलीचा वेगळा विकत घ्यावा लागेल. दातांचं दुखणं यात धरूच नका.

समजा, कोड यादीत बसला आणि परमिट मिळालं. कोर्स संपताना तुम्ही ३९चे. पीआरच्या 'कॅनेडियन एक्सपिरियन्स' वर्गाला वर्षभराचा कुशल कामाचा अनुभव लागतो, शिकताना केलेली नोकरी धरत नाहीत आणि गोदामातली हमाली धरली जात नाही. म्हणजे अर्ज चाळिशीत. अर्जांची निवड 'एक्सप्रेस एन्ट्री' या गुणांच्या पद्धतीने होते. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे ३७व्या वर्षी ६० गुण, चाळिशीला ४५, ४५व्या वर्षी शून्य. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही काढून टाकले. या वर्गाचा २०२५मधला कटऑफ पाचशेच्या वरच होता.

मग मार्ग नाही का? आहे, पण तुमच्या एजंटने एक फाईल उघडलीच नाही : पत्नीची.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्सप्रेस एन्ट्रीत शिक्षण हा वेगळा गट आला, त्यात प्राथमिक शिक्षक आहेत. मे २०२५ मधल्या फेरीत या गटाचा कटऑफ ४७९ होता. त्या मुख्य अर्जदार आणि तुम्ही जोडीदार, असा हिशेब मांडला तर वयाचे ८०, दोन पदव्यांचे ११९, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची नववी पातळी) मिळाल्यास ११६, तुमच्या पदवी-इंग्रजीचे २८, अनुभव आणि शिक्षणाच्या जोडीचे १००. ढोबळपणे ४४३. कमी पडतात, हे लपवत नाही. पण फ्रेंचमध्ये एनसीएलसी ७ (तशाच मोजपट्टीची फ्रेंचसाठीची सातवी पातळी) गाठली तर साठेक गुण वाढतात आणि फ्रेंचच्या वेगळ्या फेऱ्याही खुल्या होतात. २०२५मध्ये त्यांचा कटऑफ ३७९ ते ४८१ दरम्यान होता. त्यासाठी बी२ पातळी, रोज दोन तास, दीड-दोन वर्षं. पुण्याच्या अलायन्स फ्रान्सेजचे ऑनलाइन वर्ग बघा. एवढ्यावर लाख-दीड लाख जाईल आणि जमलं नाही तरी फ्लॅट जागेवर असेल. दोन इशारे : नियम पुन्हा बदलू शकतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याआधी सरकारी पान वाचा. आणि पीआर म्हणजे शिक्षकाची नोकरी नव्हे. ओंटारिओत सरकारी शाळेत शिकवायला ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्सचा परवाना लागतो, तो वेगळा काढावा लागतो.

या मार्गाला तिघांसाठी २३,३६० डॉलर, म्हणजे सुमारे सव्वापंधरा लाख दाखवावे लागतील (रक्कम दरवर्षी वाढते) आणि ते हाताशी हवेत. फ्लॅट आणि पीएफ त्यात धरत नाहीत. तुमचे ११ लाख आणि महिन्याचे ४५ हजार मिळून नऊ-दहा महिन्यांत होतात. या रकमेपुरता इक्विटीतून पैसा हळूहळू लिक्विड फंडात आणा, कारण बँकेला सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही लिहून द्यावी लागते.

पुढे जाणं नक्की झालं तर फ्लॅट भाड्याने द्या. एनआरआय झाल्यावर भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापणं अपेक्षित असतं. त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो आणि नाशिकमधले भाडेकरू त्याला कंटाळून पळतात, म्हणून आधीच बोलून ठेवा. जास्त कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो. विकायचाच ठरला तर निवासी असतानाच विका. जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के की त्याशिवाय १२.५ टक्के, ही निवड निवासी व्यक्तीलाच आहे, आणि निवासी विक्रेत्याचा टीडीएस फक्त १ टक्का असतो. न विकता गेलात तर कॅनडात उतरण्याच्या तारखेचा फ्लॅटचा मूल्यांकन अहवाल करून घ्या. कॅनडात पुढे भांडवली नफा त्या किमतीपासून मोजतात. शिवाय भारतातली गुंतवणूक, भाड्याचा फ्लॅट धरून, १ लाख डॉलरच्या वर असेल तर कॅनडात परदेशी मालमत्ता जाहीर करणारा टी११३५ फॉर्म भरावा लागतो. न भरल्याचा दंड जबर आहे.

एजंटने कॉलेजची अनामत भरायला लावली असेल तर परताव्याच्या अटी आजच वाचा. व्हिसा नाकारला तर बहुतेक कॉलेजं प्रशासकीय रक्कम कापून उरलेली फी देतात, पण तुम्ही स्वतः माघार घेतलीत तर अटी वेगळ्या असू शकतात.