राजीनामा दिलात, पण नोकरी अजून गेलेली नाही

इंदूरहून एका ताईंनी लिहिलं आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, 2013 पासून नोकरीत. जिना चढताना मांड्या साथ देईनात, आडवं पडलं की श्वास पुरेना. रक्तातलं एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) वाढलेलं दिसलं म्हणून बराच काळ लिव्हरची औषधं झाली. शेवटी एन्झाइमच्या तपासणीत पोम्पे रोग निघाला, म्हणजे एका एन्झाइमच्या कमतरतेने स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार. नेमकी त्याच वेळी धार जिल्ह्यातल्या, पहिल्या मजल्यावरच्या आणि लिफ्ट नसलेल्या शाखेत बदली झाली. वरिष्ठ म्हणाले, ‘कशाला ओढाताण करता, सन्मानाने बाहेर पडा.’ बाईंनी राजीनामा दिला. तीन महिन्यांच्या नोटिशीतले पाच आठवडे उरलेत आणि प्रश्न असा: ‘दिव्यांग कायद्याखाली नुकसानभरपाई मिळेल का?’

अशी पत्रं मला नेहमी येतात. कुणाला थॅलेसेमिया, कुणाला सिकलसेल, कुणाच्या मुलाला आणखी काही. आजार वेगळे, पण क्रम ठरलेला: राजीनामा आधी, वकील नंतर. ताई, भरपाईचं तूर्त बाजूला ठेवा. तुमची नोकरी अजून शाबूत आहे.

सरकारी बँकांच्या अधिकारी सेवा विनियमांनुसार राजीनाम्याची नोटीस तीन महिन्यांची असते आणि ती मुदत संपेपर्यंत अधिकारी सेवेतच असतो. पुढच्या तारखेला लागू होणारा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 पासून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. बँकेच्याच बाबतीत हवं असेल तर पंजाब नॅशनल बँक विरुद्ध पी. के. मित्तल हा 1989 चा निवाडा बघा. अधिकाऱ्याने जानेवारी 1986 मध्ये राजीनामा दिला, तो 30 जूनपासून लागू व्हायचा होता. बँकेने फेब्रुवारीतच तो स्वीकारून टाकला. एप्रिलमध्ये अधिकाऱ्याने तो मागे घेतला आणि न्यायालयाने त्याचीच बाजू घेतली. नोटिशीची मुदत कमी करण्याची विनियमांतली तरतूद कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी आहे, त्याने मागितलं नसताना बँकेने आपणहून ती वापरायची नाही, असा त्याचा अर्थ.

आणि इथेच तुम्ही घोळ घातला आहे. सोबत जोडलेल्या त्यागपत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचा: ‘मुझे यथाशीघ्र कार्यमुक्त करने की कृपा करें.’ ही ओळ कुणी घालायला सांगितली? नमुना शाखेतल्याच कुणीतरी दिला असणार. या एका ओळीने बँकेच्या हातात आयतं उत्तर दिलं: मुदत कमी करायला बाईंनीच सांगितलं. म्हणजे पाच आठवडे उरलेत हा तुमचा हिशेब कागदावरचा. उद्या सकाळी ‘विनंतीनुसार आजपासून कार्यमुक्त’ असा आदेश टेबलावर आला, तर मित्तल निवाड्याचा आधार बराच पातळ होतो. तो आदेश अजून तुमच्या हातात पडलेला नाही, असं तुम्ही लिहिता. म्हणून राजीनामा मागे घेण्याचं पत्र आजच द्या. सोमवारी नको, यजमान भोपाळहून आल्यावर नको.

पत्र तीन ओळींचं पुरे. अमुक तारखेचा राजीनामा आणि त्यातली लवकर कार्यमुक्त करण्याची विनंती, दोन्ही मी मागे घेत आहे; मी सेवेत पुढे राहू इच्छिते. दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहायच्या. ‘बदली रद्द होणार असेल तर’ अशी अट घालू नका, आजाराची कहाणी नको, वरिष्ठांची तक्रारही या पत्रात नको. ज्या सक्षम अधिकाऱ्याच्या नावे राजीनामा होता त्याच्याच नावे पत्र. शाखेत देऊन प्रतीवर आवक शिक्का घ्या, तेच बँकेच्या ईमेलवर पाठवा आणि झोनल ऑफिसला स्पीड पोस्टही करा. शाखेने शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका, ईमेलची वेळ पुरावा होते. हिशेबाच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20(4): सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. ते काम झेपत नसेल तर तेवढ्याच पगाराचं दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. कलम 20(3) प्रमाणे निव्वळ दिव्यांगत्वामुळे बढतीही नाकारता येत नाही. तुमची बँक ‘सरकारी आस्थापना’ या व्याख्येत येते. पण कलम 20(4) काढण्यापासून वाचवतं, स्वतःहून बाहेर पडणाऱ्याला नाही. बँक काय म्हणेल तेही सांगतो: आजार जनुकीय, जन्मापासूनचा, मग सेवेत आला कसा? दोष जन्माचा असेल, पण 2013 मध्ये वैद्यकीय तपासणी पास होऊन तुम्ही रुजू झालात आणि स्नायू नंतर दुबळे झाले. कलमात प्रश्न दिव्यांगत्वाचा आहे, जनुकाचा नाही. माझ्या मते हा युक्तिवाद टिकावा, पण खात्री देणार नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तसंच. 21 दिव्यांगत्वांच्या यादीत पोम्पेचं नाव नाही. स्नायूंची कमजोरी चलनविषयक दिव्यांगत्वात मोजली जाईल, टक्के किती ते वैद्यकीय मंडळ ठरवेल. कायद्यातल्या आरक्षणासारख्या लाभांसाठी लागणारे 40 टक्के नसले तरी धीर सोडू नका. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या 2021 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वाजवी सोयीसुविधांसाठी 40 टक्क्यांची अट नाही. तळमजल्यावरची शाखा, एन्झाइमच्या सलाईनसाठी दर पंधरवड्याला एक दिवस, या मागण्या त्यात बसतात. त्यांचा वेगळा अर्ज करा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. कलम 23 प्रमाणे तो अधिकारी नेमणं बँकेला बंधनकारक आहे.

उपचारांसाठी 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात 50 लाखांपर्यंत मदत आहे. ती मुंबईच्या केईएमसारख्या ठरावीक केंद्रांतूनच मिळते. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि ते जन्मभर घ्यायचं असतं, त्यामुळे मोठ्या माणसाला ही रक्कम किती पुरेल यावर मी बोलत नाही. पगार आणि बँकेचा समूह विमा सोडून त्या भरवशावर बसू नका, एवढंच.

बँकेने पत्र फेटाळलं तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका लावता येईल. स्थगिती मिळाली तर लवकर, नाही तर तारखांवर वर्षं जातात, आणि तोवर पगार बंद. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांचं म्हणणं शिफारसच ठरतं. खासगी कंपनीतल्या ज्यांनी याच धर्तीवर लिहिलंय, त्यांना कलम 20 लागू नाही. तिथे नेमणूकपत्र आणि कंपनीचं समान संधी धोरण बघावं लागेल, ते पाठवल्याशिवाय उत्तर मागू नका.

ताई, आवक शिक्क्याची प्रत, बदलीचा हुकूम आणि एन्झाइमचा रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेवा. बदलीवर काय करायचं ते पत्र पोचल्यावर बघू.