उक्तं घ्यावं की तासावर?

सांगलीहून बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं लिहिलंय: हळदीच्या एका व्यापाऱ्याची पाच पानांची वेबसाइट तिनं १५,००० रुपयांत उक्ती घेतली. तीन आठवड्यांचं काम अडीच महिने चाललं. आता पुण्यातल्या एका क्लिनिकची जुनी वेबसाइट दुरुस्तीला आली आहे आणि ते विचारताहेत, तासाला किती घेणार? सेंट्रिंगची कामं घेणारे वडील म्हणतात, एकदाच आकडा ठरव, मागाहून कटकट नको. कुणाचं ऐकू?

वडिलांचं ऐक, पण पूर्ण ऐक. स्लॅबचा आकडा सांगण्याआधी ते टेप लावतात. दर चौरस फुटाचा असतो, आणि मालक मध्येच 'पोर्चही टाका' म्हणाला तर त्याचे पैसे वेगळे धरतात. तू माप न घेताच आकडा सांगून बसलीस. मग फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक करून आले, 'तेवढं ऑनलाइन पेमेंटही लाव' झालं, शेवटी सगळी पानं इंग्रजीतही हवी झाली. एकूण ११० तास गेले असं तूच लिहितेस. म्हणजे तासाला १३६ रुपये. वाचून फार वाईट वाटलं, कारण मी ती वेबसाइट उघडून पाहिली. साध्या मोबाइलवरही झटकन उघडते, भाव विचारायचं बटण अंगठ्याखाली येतं. हे मेहनतीचं काम आहे.

माझं मत असं: ज्या कामाची हद्द दिसते ते उक्तं घे, ज्याची दिसत नाही ते तासावर. तास मात्र दोन्हीकडे वहीत मांड.

आधी तुझा दर काढू. दिवसाचे आठ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २०० तास. पण फोन, कोटेशन, नवीन शिकणं, पैशांसाठी मागे लागणं यात निम्मे जातात. बिलात लावता येतील असे १०० धर. हातात ३०,००० हवेत, लॅपटॉप-इंटरनेटचे ५,०००. दर आला ३५०. तसली पाच पानांची वेबसाइट ६० तासांची धरली तर २१,०००, आणि अडीअडचणीसाठी पाव हिस्सा वर. म्हणजे २६,००० च्या खाली बोलायचंच नाही. ग्राहकाला फक्त हा आकडा सांग. कामाचा हात बसला की तेच काम ४० तासांत होईल. ते वाचलेले तास तुझे. तासावर घेतलंस तर शिकल्याचा फायदा ग्राहकाला जातो, आणि नवख्या मुली-मुलांच्या हे लवकर लक्षात येत नाही.

कोटेशनमध्ये पानं किती, मजकूर-फोटो कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत देणार, दुरुस्त्या दोनदा, त्यापुढचं काम तासाला ३५०, हे लिही. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा, यांचा खर्च त्यांचा आणि डोमेन त्यांच्याच नावावर. ४० टक्के आगाऊ, ३० डिझाइन पसंत पडल्यावर, उरलेले वेबसाइट सुरू करण्याआधी. आगाऊ मागताना जीभ अडखळते, ठाऊक आहे. वडिलांना विचार, ते सळई-सिमेंट येण्याआधी काय मागतात.

जीएसटीची चिंता आत्ता नको. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते.

क्लिनिकचं काम मात्र तासावरच घे. दुसऱ्या कुणी तरी वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बांधलेली वेबसाइट, अपॉइंटमेंटचा फॉर्म मध्येच बंद पडतो. एक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, अपडेट केलं की दुसरं मोडेल, आणि आत काय आहे ते उघडल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. पण मीटर पळतोय अशी धास्ती त्यांनाही असते, म्हणून वर मर्यादा घाल. आजच कळव: 'पहिले ५ तास तपासणी, त्याचे १,७५०. त्यानंतर काय बिघडलंय ते लिहून देते. एकूण २० तासांच्या पुढे विचारल्याशिवाय जाणार नाही.' दर शनिवारी काय केलं आणि किती वेळ लागला, ते चार ओळींत पाठव.

आणि हळदवाल्यांचा फोन नवीन हंगामाचे भाव टाकायला येईलच. तेव्हा सांग, 'करते काका. तासाभराचं काम आहे, ३५० होतील.'