सीसीआयई (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगमधलं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र) लॅब परीक्षेत न वापरलेले स्विच पोर्ट (नेटवर्क स्विचवरच्या केबल जोडायच्या जागा) स्वतःहून बंद करावेत का?

नाही, प्रश्नपत्रिकेत तसं सांगितलं नसेल तर त्या पोर्टना हात लावू नका. पुण्यात मी सीसीआयईच्या सरावाच्या लॅब घेतो, तिथे दर बॅचला हाच घोळ दिसतो: सकाळी ‘नीटनेटकेपणा’ म्हणून बंद केलेला पोर्ट दुपारच्या प्रश्नात लागतो आणि अर्धा तास लिंक का येत नाही हे शोधण्यात जातो. आठ तासांच्या परीक्षेत हे परवडत नाही. आधी पूर्ण पेपर आणि आकृती वाचा. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ या पोर्टची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये ‘नॉटकनेक्ट’ म्हणजे समोरून लिंक नाही, ‘डिसेबल्ड’ म्हणजे कुणीतरी शटडाउन (पोर्ट बंद करणारी कमांड) दिलंय. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

मात्र वापरात नसलेले पोर्ट सुरक्षित करा असं विचारलं, तर नुसत्या शटडाउनवर थांबू नका. ‘इंटरफेस रेंज’ (अनेक पोर्ट एकत्र निवडणारी कमांड) घेऊन एकदाच द्या:
- स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस (म्हणजे पोर्ट ट्रंक होत नाही)
- कुठेच न वापरलेला व्हीलॅन (स्विचवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क), उदाहरणार्थ 999 (1 नको, तो डीफॉल्ट असतो)
- शटडाउन

दोन स्विचमधल्या जादा लिंकमुळे नको असलेला ट्रंक (अनेक व्हीलॅनचा डेटा नेणारी लिंक) तयार होत असेल, तर तेवढे पोर्ट बंद करायला हरकत नाही. पण आधी कुठलाही प्रश्न त्यांच्यावर अवलंबून नाही ना, ते बघा.