शोषखड्डा तुडुंब, पाणथळीत डेब्रिज

प्रश्न : घोडबंदर रोडला खाडीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. बिल्डरने दोन शोषखड्डे करून दिलेत, पण जूनच्या पहिल्या मोठ्या सरीतच ते भरतात आणि पार्किंगमध्ये पाणी येतं. कमिटीतले काहीजण म्हणतात, बुजवून टाका. दंड होईल का?
– सोसायटी सचिव, ठाणे

उत्तर : बुजवू नका. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौ. मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण (पावसाचं पाणी जिरवणं किंवा साठवणं) सक्तीचं आहे. ही व्यवस्था केली नाही किंवा केलेली राखली नाही, तर दर १०० चौ. मी. बांधीव क्षेत्रामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार महापालिका लावू शकते. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हातात पडली की विषय संपला, हा समज चुकीचा.

खड्डा भरतो यात दोष काहीच नाही. नियमावलीतला लहानात लहान खड्डा १.२ × १.२ × २ मीटरचा, म्हणजे २.८८ घनमीटर. खडी-वाळू भरल्यावर पाण्याला जागा उरते जेमतेम हजार-बाराशे लिटरची. उलट ५०० चौ. मी.च्या गच्चीवर तासाभरात ५० मि.मी. पाऊस झाला, तर खाली उतरतं २५,००० लिटर. तेव्हा ओव्हरफ्लोचा पाइप पावसाळी गटाराला जोडलेला हवा. तो नसेल, तर पार्किंगमध्ये पाणी येणारच.

खरी परीक्षा खड्डा रिकामा होण्याची. पाऊस थांबल्यावर काठी घालून पातळी मोजा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. पाणी उतरलं असेल तर खड्डा उत्तम. जागचं हललं नसेल तर आधी वरचा थर बघा. रचना अशी असते : तळापासून निम्म्या खोलीपर्यंत ४० मि.मी. खडी, त्यावर २० टक्के २० मि.मी. खडी, मग २० टक्के जाड वाळू, तिच्यावर बारीक वाळूचा पातळ थर आणि वरची १० टक्के जागा रिकामी. या बारीक वाळूवर गाळाची साय धरते. दर मे महिन्यात ती खरवडून वाळू बदलली की बहुतेक खड्डे पुन्हा चालू होतात. खड्ड्याची भिंत जमिनीच्या वर किमान १५ सें.मी. लागते. पेव्हर ब्लॉक बसवताना आजूबाजूची पातळी वाढते, भिंत जमिनीत जाते आणि बागेतली माती थेट आत.

वाळू बदलूनही पाणी हटेना, तर दोष जमिनीचा. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी मुरूम पाणी पितो. खाडीकडच्या भरावाखाली चिकणमाती असते आणि पावसाळ्यात भूजल वरच आलेलं असतं. तिथे खड्डा खोल करणं म्हणजे पैसे पाण्यात. नियमावलीत जिरवण्याइतकीच साठवणही मान्य आहे. तुमच्या जागी आम्ही गच्चीचं पाणी फिल्टरमधून टाकीत घेऊन फ्लश आणि गाड्या धुण्याला वापरू.

त्याआधी प्लंबरला एक गोष्ट तपासायला सांगा. बाल्कनीत ठेवलेल्या वॉशिंग मशीनची नळी कुणी पावसाळी पाइपात सोडली आहे का? कडक उन्हात खड्ड्यात फेस दिसला तर समजून घ्या. असे जोड सर्रास सापडतात, आणि मग संधारणाच्या नावाखाली साबणाचं पाणी जमिनीत जातं.

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या पाणथळीत रात्री डेब्रिजचे (बांधकामाच्या राडारोड्याचे) डंपर रिकामे होतात. चौकशी केली तर 'ही अधिसूचित पाणथळ नाही' असं उत्तर मिळालं. मग काहीच करता येत नाही?
– वाचक, सीवूड्स

उत्तर : हे उत्तर अर्धवट आहे. २०१७ चे पाणथळ नियम रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना) आणि अधिसूचित, म्हणजे सरकारने रीतसर जाहीर केलेल्या पाणथळींना लागू होतात, हे खरं. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, पण तुमचं तळं त्या हद्दीबाहेर असू शकतं. मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशातल्या, सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या पाणथळ नियमांतल्या नियम ४ च्या तत्त्वांनुसार संरक्षण दिलं आहे. आधी त्या नकाशात तुमची जागा शोधा.

भरतीचं पाणी येत असेल आणि कडेला तिवरं (कांदळवन) असतील, तर बाजू आणखी भक्कम. सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ५० मीटरचा संरक्षित पट्टा १,००० चौ. मी.हून मोठ्या कांदळवनालाच मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालात मात्र सर्वच कांदळवनांभोवती ५० मीटर राखायचे आहेत, जमीन कोणाचीही असो. डेब्रिज टाकायलाही बंदी आहे.

पुरावा म्हणून सगळे डंपरचा फोटो काढतात. त्याहून बोलका फोटो उधाणाच्या भरतीचा : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरतीच्या ऐन वेळी, भरावाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडा चिखल. प्रवाह तुटल्याचं त्यात दिसतं, आणि प्रवाह तुटला की तिवरं आपोआप मरतात; कुऱ्हाड लागत नाही. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश हवेत. सोबत सर्व्हे नंबर आणि त्याच जागेची जुनी उपग्रह छायाचित्रं जोडा.

तक्रार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील पाणथळ तक्रार निवारण समितीकडे द्या. तिवरं असल्यास प्रत वनविभागाच्या कांदळवन कक्षाला. दोन्हीकडून पोच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात जायची वेळ आली, तर लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खालची मुदत सहा महिने. ती वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात, तुमच्या शेवटच्या स्मरणपत्रापासून नव्हे. सबळ कारण दाखवलं तर फार तर ६० दिवस वाढवून मिळतात. पत्रव्यवहारातच वर्ष गेलं आणि प्रकरण मुदतीबाहेर पडलं, असं होऊ देऊ नका.

प्रश्न : नाल्याला रात्री लाल-जांभळं पाणी येतं. बाटलीत भरून खासगी प्रयोगशाळेत तपासलं तर चालेल?
– वाचक, घणसोली

उत्तर : अंदाज यायला चालेल, कोर्टात नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला नोटीस देऊन, रीतसर सीलबंद केलेला नमुनाच ग्राह्य. तुमचं काम त्या अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी आणण्याचं. नाल्याच्या वरच्या अंगाला एकेक मोरी (रस्त्याखालून नाला जातो ती जागा) बघत जा. ज्या मोरीच्या वर पाणी नितळ आणि खाली रंगीत, तिच्या आसपास सोडणारा पाइप असतो. पाण्याची आम्लता दाखवणारी पीएच पट्टी बुडवा : घरगुती सांडपाणी ७ च्या आगेमागे असतं, कारखान्याने प्रक्रियेनंतर सोडायच्या पाण्याची मर्यादा ५.५ ते ९. चार-पाच रात्रींच्या वेळा लिहून मंडळाला कळवा. जोडीला १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात त्या कारखान्याला मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत मागा. किती पाणी, कुठे आणि कोणत्या प्रक्रियेनंतर सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.