राष्ट्रीय संघातले स्कीपटू हिमस्खलनात कसे काय सापडतात? 2015 मध्ये ऑस्ट्रियात दोन अमेरिकन मुलं गेली, त्यांचं नेमकं काय झालं होतं?

आधी नावं लिहितो, कारण बातम्यांमध्ये ते दोघं नेहमी ‘दोन अमेरिकन स्कीपटू’ एवढेच उरतात. रोनी बर्लॅक, वय 20, न्यू हॅम्पशरमधल्या फ्रँकोनियाचा. ऑलिंपिक विजेता स्कीपटू बोडी मिलर ज्या डोंगरांत वाढला, तोच परिसर. आणि ब्राइस ॲस्टल, वय 19, युटामधल्या सँडीचा.

5 जानेवारी 2015, सोमवार. जागा ऑस्ट्रियाच्या टिरोलमधलं सोल्डन. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी स्की विश्वचषकाचा मोसम इथल्याच रेटेनबाख हिमनदीवर सुरू होतो. त्या सकाळी शर्यत नव्हती. सहा जण 3,056 मीटर उंचीच्या गाइसलाखकोगल शिखरावरून खाली निघाले, आखलेली वाट सोडून बाजूच्या ताज्या बर्फात शिरले आणि उतारावरचा बर्फ सुटला. चौघे स्की करत बाहेर पडले. रोनी आणि ब्राइस गाडले गेले.

आता तुमचा खरा प्रश्न. इतके तरबेज, तरी कसे?

मी काही स्कीपटू नाही. चाळिशीत गुलमर्गला जाऊन आपटत-आपटत शिकलेला माणूस. पण तिथे एक गोष्ट डोक्यात शिरली. मराठीत आपण फ्रीजमधल्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडतो त्यालाही बर्फच. डोंगरावर या दोन वेगळ्या दुनिया आहेत. रेसर पहिल्या दुनियेतला. शर्यतीचा उतार मुद्दाम पाणी मुरवून काचेसारखा कडक करतात, म्हणजे शेवटच्या खेळाडूपर्यंत त्यात खड्डे पडू नयेत. रोनी-ब्राइससारखी पोरं लहानपणापासून त्या काचेवर घासून तयार होतात. ताशी शंभरच्या पुढच्या वेगात पाय कुठे टाकायचा हे त्यांना झोपेतही कळतं. पण भुसभुशीत बर्फाच्या पोटात कोणता थर कच्चा आहे, हे त्या कसबातून कळत नाही. ती विद्याच वेगळी.

दुसरं कारण मला जास्त चटका लावतं. अमेरिकेत स्की रिसॉर्टची हद्द असते आणि हद्दीच्या आतला सगळा डोंगर रिसॉर्टचे लोक सांभाळतात. रात्री बर्फ पडला की पहाटे सुरुंग लावून धोक्याचे उतार आधीच पाडून टाकतात. ब्राइसच्या सँडीजवळची लिटल कॉटनवुड दरी तर त्यासाठी चक्क तोफा डागण्याबद्दल प्रसिद्ध होती. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाच्या मनात काय बसणार? लिफ्ट चालू आहे, वाट बंद करणारी दोरी बांधलेली नाही, म्हणजे उतार तपासलेला आहे.

आल्प्समध्ये हिशेब उलटा. खुणेच्या काठ्यांमधली वाट तेवढी सांभाळलेली, काठीच्या पलीकडे पाऊल टाकलं की तुमचं तुम्ही. दोरी असेलच असं नाही. त्या दिवसांत तिथे भरपूर हिमपात झाला होता, वर हवा उबदार, आणि इशारा पाचपैकी तिसऱ्या पातळीचा होता. ‘पाचपैकी तीन’ ऐकलं की आपल्याला वाटतं मध्यम, चालतंय. प्रत्यक्षात आल्प्समधले बरेचसे बळी याच पातळीला जातात. चार-पाच असताना लोक आपणहून घाबरून असतात. तिसऱ्या पातळीला तीसएक अंशांच्या पुढचा उतार एका माणसाच्या वजनानेही लादीसारखा तुटून सुटू शकतो.

आणि अंगावर बीकन नव्हते, म्हणजे बर्फाखालूनही रेडिओ-संकेत देणारी छोटी यंत्रं. गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायला सोबत्यांकडे बीकन, लांब सळई आणि फावडं लागतं. तिन्ही, एक नसलं तरी उपयोग नाही. पंधराएक मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. खालून मदत येईपर्यंत ही वेळ बहुधा निघून गेलेली असते.

यात पोरांचा उतावळेपणा शोधणाऱ्या प्रतिक्रिया मी तेव्हा वाचल्या होत्या. मला ते पटत नाही. त्यांना संघापर्यंत आणणाऱ्या व्यवस्थेत व्यायाम, आहार, स्कीच्या कडा, सगळ्याचं शिक्षण होतं, हिमस्खलनाचं नव्हतं. दोघांच्या घरच्यांनी हेच ओळखलं. त्यांनी ब्रास नावाची संस्था काढली, ‘ब्राइस अँड रोनी ॲथलीट स्नो सेफ्टी’ या नावाचं लघुरूप. तरुण रेसर आणि त्यांचे प्रशिक्षक यांना हिमस्खलनाची ओळख करून देणं हे तिचं काम. त्या दिवसावर त्यांनी एक माहितीपटही केला. पोटचं पोर गेल्यावर कॅमेऱ्यासमोर बसून ‘त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं’ हे सांगायला काय लागत असेल, देव जाणे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: आपलं गुलमर्ग या बाबतीत युटासारखं नाही, आल्प्ससारखं आहे. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवत डोंगरावर उतरलात की जवळचा एक पट्टा तेवढा गस्तीखाली असतो, बाकी डोंगर मोकळा. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथेच दोन पोलिश स्कीपटू गेले.

मागच्या खेपेला गोंडोलात माझ्यासमोर पुण्याची दोन पोरं बसली होती. स्की झकास, हेल्मेट झकास. मी विचारलं, बीकन घेतलंय ना? एकाने खिशातून मोबाइल काढून दाखवला. ‘काका, लोकेशन ऑन आहे.’